सांगलीची हळद, लोणंदचा कांदा आणि ईस्टरचं अंडं

२०२४ साली ३० मार्चला शनिवार होता आणि रंगपंचमीही. साताऱ्यात-सांगलीत दुपारपर्यंत पोरं निळी-हिरवी होऊन हिंडत होती आणि त्याच संध्याकाळी ख्रिस्ती घरांमध्ये पहाटेच्या उपासनेची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, ईस्टर होता. एका घरात अंगावरचा रंग निघत नाही म्हणून ओरडा, तर शेजारच्या घरात अंड्याला रंग चढत नाही म्हणून चिडचिड, असं त्या दिवशी अगदी घडू शकलं असतं.

हा निव्वळ योगायोग नव्हता. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चची ही पौर्णिमा जुन्या कोष्टकातली असते, त्यामुळे आकाशातल्या चंद्राशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. पण आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर ईस्टर बहुतेक वेळा चैत्री पौर्णिमेच्या, म्हणजे हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. अधिक महिन्याच्या फेऱ्यामुळे पंचांग मागे राहिलं, तर तो होळीच्या पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. २०२४ साली दुसरा प्रकार झाला. २०२६ साली पहिला: हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे अंडी रंगवायचा हा सण आपल्याकडे एकतर रंगपंचमीच्या गुलालात येतो, नाहीतर चैत्रातल्या जत्रांच्या आणि कैरीच्या पन्ह्याच्या दिवसांत. दोन्ही वेळा ऊन रणरणत असतं. या उन्हाचा अंड्याच्या कवचाशी थेट संबंध आहे, पण त्याआधी मुळात अंडंच का, हे पाहायला हवं.

ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस. बंद कवच म्हणजे कबर आणि ते फोडून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे नवं जीवन, हा अर्थ सगळीकडे सांगितला जातो. तो सुंदर आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. त्यामागे कोंबडीचं एक साधं गणित आहे. कोंबडीला अंडी घालण्याचा इशारा मिळतो तो दिवसाच्या लांबीवरून. प्रकाश तिच्या डोळ्यांतून जातोच, शिवाय कवटीतून झिरपून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि दिवस मोठा होतोय हे कळलं की अंडाशय कामाला लागतं. इंग्लंड-जर्मनीत भर हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तिथल्या जुन्या काळच्या कोंबड्या थंडीत अंडी घालणं जवळपास बंद करत आणि मार्च उजाडला की पुन्हा खुराड्यात अंडी दिसू लागत. थंडीनंतरचं पहिलं अंडं हा त्यांच्यासाठी वसंताचा निरोप होता.

आपल्याकडे हा निरोप इतका ठळक नाही. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण सतरा अंशांवर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे तेरा. परसातली गावरान कोंबडी त्यामुळे बाराही महिने थोडंथोडं घालते, मध्येच खुडूक बसते, पुन्हा घालते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये तर रात्री दिवे लावून कोंबडीला सोळा तासांचा दिवस दाखवला जातो. म्हणून मराठी माणसाच्या मनात अंड्याचा कुठल्याही ऋतूशी संबंध नाही. असलाच तर उलटा आहे: श्रावणात आणि मार्गशीर्षात अंडी कमी खपतात.

युरोपात मात्र गंमत अशी व्हायची की कोंबड्या अंडी घालायला सुरुवात करत नेमक्या उपवासाच्या दिवसांत. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत मांस तर वर्ज्य होतंच, मध्ययुगात अंडी आणि दूध-लोणीही वर्ज्य होतं. कोंबडीला उपवास कोण सांगणार? अंडी साठत जात. काही उकडून ठेवली जात, आणि ईस्टरला उपवास सुटला की घराघरांत अंड्यांचा ढीग असे. तो ढीग सणाचा वाटावा म्हणून रंग. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंडी अठरा पेन्सला घेतल्याची नोंद आहे. ती रंगवून आणि सोन्याच्या वर्खात मढवून दरबारी मंडळींना वाटायची होती. १६१४ साली रोमच्या चर्चने विधींचं जे अधिकृत पुस्तक काढलं, त्यात अंड्यांना आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये रंग ठरलेला: लाल, ख्रिस्ताच्या रक्ताचा. मग्दालीया मरीयेच्या हातातलं अंडं लाल झाल्याची दंतकथा त्याच रंगाभोवती गुंफलेली आहे. इराणी लोकांच्या नवरोजच्या मेजावरही रंगवलेली अंडी असतात, आणि तो सण २१ मार्चच्या आसपासचाच. वसंत आणि अंडं ही जोडी ख्रिस्ती धर्मापुरती नाही, हे त्यावरून दिसतं.

मग हे अंडं सातारा-सांगलीत आलं कसं? माझ्या मते, उशिरा आणि जरा बिचकत. इथे ख्रिस्ती धर्म रुजवला तो प्रामुख्याने अमेरिकन मिशनऱ्यांनी. अमेरिकन मराठी मिशनचं काम साताऱ्यात १८४९ पासूनचं. सांगली-मिरज भागात प्रेस्बिटेरियन मिशन आलं, आणि डॉ. विल्यम वानलेस यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला आजही त्यांचंच नाव आहे. या दोन्ही मिशनांची मुळं अशा पंथांत होती ज्यांना सणवारांचा सोस मुळीच मान्य नव्हता. अमेरिकन मराठी मिशन ज्या मॅसॅच्युसेट्समधून निघालं, तिथे १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठोठावण्याचा कायदा झाला होता! बायबलमध्ये जो सण सांगितलेला नाही तो पाळायचा नाही, असा तो बाणा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही कडक भूमिका सैल होत गेली आणि ईस्टर तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्येही रुळला. पण पहिल्या पेटाऱ्यांतून जे इकडे आलं त्यात बायबल होतं, औषधं होती, शाळेची पुस्तकं होती. रंगीत अंड्यांना त्यात जागा असेल असं वाटत नाही. म्हणूनच या भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत ईस्टरचा गाभा आजही उपासना, स्मशानभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर फुलं वाहणं आणि दुपारचं जेवण हा आहे. अंडं आलं ते इंग्रजी शाळांमधून, रविवारच्या शाळेतून, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून, आणि हल्ली मोबाइलवरून.

साताऱ्याचं नाव निघालं की रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. भजन-कीर्तनातून, मराठी बाजात ख्रिस्तभक्ती व्हावी हा त्यांचा आग्रह. अंड्यांबद्दल ते काही बोलले असतील असं नाही. पण संस्कृतात पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात, दोनदा जन्मलेला: एकदा अंडं म्हणून आणि एकदा अंडं फोडून. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ब्राह्मण. जन्माने चित्पावन असलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या या कवीला ईस्टरच्या अंड्यावर ही कोटी सुचली नसती, तरच नवल.

असो. आता ओट्याकडे वळू.

अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना. सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच. जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि त्यात हजारो सूक्ष्म छिद्रं, कारण आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. बाहेरून या छिद्रांवर प्रथिनांचा एक अतिशय पातळ लेप असतो. ताज्या अंड्याचं कवच जरा मंद, पावडर लावल्यासारखं दिसतं ते या लेपामुळे. रंगाच्या दृष्टीने कवचापेक्षा हा लेपच महत्त्वाचा. पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातला की आंबटपणामुळे या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो. बाजारात मिळणारे खाण्याचे रंग ऋण भाराचे असतात. विरुद्ध भार एकमेकांना धरतात आणि रंग पक्का बसतो. व्हिनेगर न घालता तेच अंडं त्याच रंगात बुडवून पाहा, फिकट डागाळलेलं निघेल. उलट आंबट फार झालं तर चुना विरघळायला लागतो, अंड्यावर बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पेलाभर रंगाच्या पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर एवढं पुरे. अंडं हाताळताना बोटाचं तेल लागलं असेल तर तिथे रंग धरत नाही, म्हणून आधी व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावं.

आता ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. मार्चअखेर सांगलीत पारा अडतीस-चाळीसकडे सरकला की शेडमधल्या सगळ्या कोंबड्या अशा धापा टाकत असतात. धापेबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. आणि कवच ज्या कार्बोनेटचं बनतं ते रक्तातल्या त्याच कार्बन डायऑक्साइडपासून तयार होतं. तो कमी पडला की कवच पातळ. एक अंडं पूर्ण व्हायला चोवीस-सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास फक्त कवच चढण्यात जातात. त्या वीस तासांत कोंबडी तापली की नुकसान ठरलेलं. पोल्ट्रीवाले म्हणूनच उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यात खाण्याचा सोडा मिसळतात, पत्र्यावर पाणी मारतात. युरोपात ईस्टरचं अंडं वर्षातल्या चांगल्या दिवसांतलं असतं. आपल्याकडे ते वर्षातल्या कठीण दिवसांतलं. गेल्या खेपेला मी डझनभर अंडी घेतली, उकळी यायच्या आत त्यातली चार तडकली. दुकानदाराला बोल लावायची सोय नव्हती, वाहतुकीला बोल लावायचीही नव्हती. दोष चैत्राचा होता.

तडा टाळायचा तर फ्रीजमधलं गार अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडायचं नाही. ते आधी बाहेर काढून ठेवायचं, गार पाण्यातच पातेल्यात ठेवून मंद आचेवर तापवायचं. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. ती हवा तापून फुगते आणि हळूहळू छिद्रांतून बाहेर पडायला तिला वेळ मिळाला पाहिजे. पांढरं साधारण बासष्ट-पासष्ट अंशांपासून धरू लागतं आणि पिवळं त्याहून थोडं वर, म्हणजे उकळी कडकडीत असण्याची गरजच नाही. सांगलीत पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटरवर, तिथे ते साडेपंच्याण्णवच्या आसपासच उकळतं. त्यामुळे सांगलीत उकळीनंतर नऊ-दहा मिनिटांत होणारं अंडं महाबळेश्वर-पाचगणीला मिनिट-दोन मिनिटं जास्त मागतं. फार वेळ उकळलं तर पिवळ्याभोवती हिरवट-करडं कडं येतं. ते विष नव्हे. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची ती गाठभेट असते. वेळेत काढून गार पाण्यात टाकलं की कडं येत नाही.

आणि ताजं अंडं सोलताना कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात, ही सगळ्यांची तक्रार. अंडं जुनं होत जातं तसा आतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढरं अधिक अल्कली होतं आणि आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. म्हणून ईस्टरला आठवडाभर आधी घेतलेली अंडी उत्तम. पाण्यात टाकून पाहावं: आडवं बुडालं तर ताजं, बोथट टोक वर करून उभं राहिलं तर आपल्या कामाचं, तरंगलं तर फेकून द्यायचं.

पांढरं अंडं घ्यावं की गावरान? गावरान अंड्याचा तांबूस रंग कोंबडीच्या शरीरातल्या एका रंगद्रव्याचा, कवचाच्या बाहेरच्या थरांत बसलेला. पोल्ट्रीच्या पांढऱ्या जातीत तो नसतो. निळा, हिरवा, पिवळा हवा तर पांढरं अंडं. विटकरी-लाल हवा तर आठवडा बाजारातलं गावरान अंडं अर्धं काम आधीच करून ठेवतं. कडकनाथ काळा असला तरी त्याचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. 

रंगांमध्ये पहिला मान हळदीचा. सांगलीची हळद ही जगाला ठाऊक असलेली वस्तू. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये ती पूर्वापार साठवली जाई. मुख्य म्हणजे हळद काढण्याचा, शिजवण्याचा, वाळवण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. उपवासकाळ आणि हळदीचा सौदा एकाच वेळी चालू असतो. अंड्यासाठी दोन पेले पाण्यात दोन मोठे चमचे हळद घालून दहा-पंधरा मिनिटं उकळायची, गाळायची, व्हिनेगर घालायचं आणि उकडलेली अंडी त्यात अर्धा तास ठेवायची. रात्रभर ठेवली तर झेंडूसारखा गडद पिवळा येतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतो, म्हणून अधूनमधून ढवळावं लागतं आणि अंडं फिरवावं लागतं. हा रंग उन्हात उडतो. हळदीची अंडी खिडकीत मांडू नयेत.

हळदीची दुसरी करामत आपल्या प्रत्येक देवघरात आहे: हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. तेच अंड्यावर करता येतं. पिवळं झालेलं अंडं कोरडं करायचं, पानाला लावायचा चुना थोड्या पाण्यात कालवायचा, वरची निवळी घ्यायची आणि बारीक काडीने अंड्यावर ठिपके काढायचे. काडी टेकली की ठिपका कुंकवासारखा तांबडा. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळा. मुलांना हा खेळ पुरत नाही. वाळल्यावर तांबडा जरा तपकिरीकडे झुकतो, फिका होतो, तेवढं सोसायचं. चुना डोळ्यात जाता कामा नये, म्हणून तो मोठ्यांनी कालवावा.

दुसरा मान कांद्याच्या सालींचा. पूर्व युरोपात आणि ग्रीसमध्ये लाल अंडी करायची घरगुती रीत हीच. आपल्याकडे तर मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी कांद्याची आवक असते. लोणंदच्या कांदा बाजारात सालींचा पाचोळा वाऱ्यावर उडत असतो, पिशवीभर मागितला तर कोणी पैसे घेत नाही, फक्त चमत्कारिक नजरेने पाहतात. आठ-दहा कांद्यांच्या कोरड्या साली पातेलंभर पाण्यात उकळल्या की गडद तांबूस काढा होतो. यातलं रंगद्रव्य उकळीला डगमगत नाही, त्यामुळे कच्ची अंडी त्यातच शिजवता येतात. पांढऱ्या अंड्यावर नारिंगी, गावरान अंड्यावर थेट विटेचा लाल.

याच काढ्यात पानाचा ठसा उमटवतात. कोथिंबिरीचं, मेथीचं किंवा शेवग्याचं छोटं पान ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट ताणून दोऱ्याने बांधायचा आणि अंडं काढ्यात शिजवायचं. सोडल्यावर विटकरी अंड्यावर पानाची पांढुरकी सावली, शिरांसकट. कोथिंबीर सर्वांत देखणी उतरते. शेवगा नाजूक आहे पण पानं सरकतात. कडीपत्ता जाड, त्याच्या कडेने रंग आत शिरतो.

बाकीच्या रंगांबद्दल फार अपेक्षा नकोत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा गुलाबी रंग कोणालाही मोहात पाडेल, पण अंड्यावर तो मळकट करडा होतो. कारण फळांतली ही लाल-जांभळी द्रव्यं आंबटात लाल आणि अल्कलीत निळी असतात, आणि कवच म्हणजे चुना! जास्वंदीचा तांबडा काढाही त्यामुळे अंड्यावर करडा-निळा उतरतो. हीच खोड लाल कोबीच्या बाबतीत वरदान ठरते. त्याच्या जांभळ्या पाण्यात रात्रभर ठेवलेलं पांढरं अंडं सकाळी सुरेख आकाशी निघतं. ते मग पाच मिनिटं हळदीत बुडवलं की हिरवं. बीट उकळलं की तपकिरी पडतं. रंगपंचमीचे उरलेले कोरडे रंग मात्र कितीही मोह झाला तरी वापरू नयेत. कवचाला हजारो छिद्रं आहेत आणि ते रंग पोटासाठी बनवलेले नाहीत. वाण्याकडचा खाण्याचा रंग चालतो.

नक्षी काढायची तर साधी मेणबत्ती पुरते. मेणाच्या रेघेखाली रंग पोचत नाही. युक्रेनमध्ये याच तत्त्वावर ‘पिसांका’ नावाची अंडी करतात: मेणाची रेघ, फिका रंग, पुन्हा मेण, गडद रंग, आणि शेवटी ज्योतीजवळ धरून मेण पुसून घ्यायचं की खालचे सगळे थर एकदम उघडे पडतात. २०२४ साली युनेस्कोने या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ते पाहून आपल्याकडच्या बायकांना फार अवघड वाटू नये, कारण ठिपक्यांची रांगोळी हाताला बसलेली असते. फरक इतकाच की अंडं गोल आहे. सपाट जमिनीवरचे सरळ रांगेतले ठिपके अंड्याच्या टोकाकडे जाताना दाटीवाटी करतात. म्हणून आधी पेन्सिलीने पोटावर एक आडवी रेघ आणि टोकापासून टोकापर्यंत चार उभ्या रेघा आखून घ्याव्यात, जणू पृथ्वीगोलच, आणि प्रत्येक कप्प्यात वेगळं चित्र काढावं. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढणाऱ्या हातांना शंख, कमळ, सूर्य, चंद्र, पाळणा कुठे बसवायचा हे सांगावं लागत नाही.

अंडं वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर ते पोकळ करावं लागतं. दोन्ही टोकांना सुईने भोक, खालचं जरा मोठं, आतला बलक लांब सुईने फोडायचा आणि वरून हवा दाबायची. तोंडाने फुंकू नये, कच्च्या अंड्याच्या कवचावर जंतू असू शकतात. फुटबॉलच्या पंपाची सुई या कामाला झकास. निघालेल्याचं ऑम्लेट करायचं, पोकळ कवच धुऊन वाळवायचं आणि रंगवून झालं की लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा. लाखेचं पॉलिश म्हणजे मिरजेतल्या वाद्य बनवणाऱ्यांचा जुना सोबती. तिथे भोपळ्यावर नक्षी चढते, वर लाख बसते आणि तंबोरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अंड्याचं कवच भोपळ्याहून कितीतरी पातळ, पण लाख दोघांनाही सारखीच चिकटते.

ज्यांना हा सगळा उपद्व्याप नको ते मार्झिपानच्या अंड्यांवर भागवतात. मुंबई, वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला हा पदार्थ: युरोपातल्या महागड्या बदामाऐवजी काजूची पूड, पिठीसाखर, अंड्यातलं पांढरं आणि गुलाबपाणी. मंद आचेवर गोळा घट्ट करून साच्यात अंड्याच्या आकारात दाबायचा. चवीला काजूकतलीची चुलतबहीण. मला विचाराल तर ती फार गोड लागते आणि मुलं दोन घास खाऊन बाकीचं सोफ्याच्या गादीखाली लपवतात.

खऱ्या अंड्याचा हिशेब वेगळा असतो, ते खराब होतं. चैत्रातल्या उन्हात उकडलेलं अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. ते फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बागेत अंडी लपवून मुलांनी शोधायचा खेळ करायचा असेल तर तो पहाटेच्या उपासनेनंतर लगेच, ऊन चढायच्या आत उरकावा आणि लपवलेली अंडी मोजून ठेवावीत. न सापडलेलं एक अंडं तिसऱ्या दिवशी स्वतःच पत्ता सांगतं. अंड्यांची टक्कर लावायचाही खेळ आहे. ग्रीक आणि बल्गेरियन लोक तो ईस्टरला खेळतात, आणि आपल्याच आसामात बिहूला ‘कणी-जुज’ म्हणून खेळतात. ज्याचं फुटलं तो हरला. त्यासाठी अंडं टोकाकडून धरावं, कमानीसारखा तो भाग सर्वांत बळकट असतो.

सोमवारी उरलेली सगळी अंडी सोलून रश्शात जातात, आणि कांदा-लसूण मसाल्याचा तवंग आला की कोणतं अंडं निळं होतं आणि कोणतं पिवळं हे कोणी विचारत नाही. ताटावर भांडण होतं ते फक्त त्या चार तडकलेल्या अंड्यांवरून. कवचाच्या भेगांतून कांद्याच्या सालीचा रंग आत झिरपलेला असतो, आणि सोलल्यावर पांढऱ्यावर तांबूस शिरांचं जाळं उमटलेलं दिसतं, संगमरवरासारखं.